सातशे चारमधला चौथा माणूस

दुसऱ्याची चूक सापडली की विजयकुमार पाटणकरांना भूक लागत असे. यात हसण्यासारखं काही नाही. दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात गेली चोवीस वर्षं ते याच गुणाचा पगार घेत होते. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या फरशीतली केसाएवढी तड लांबून हेरायची आणि तिच्यावर तांबडी फुली मारायची, हे त्यांचं काम. ही सवय घरीही आली. लग्नपत्रिका, औषधाच्या डबीतला कागद, महाराष्ट्र मंडळाचं गणपतीचं पत्रक, सगळं ते तांबडं पेन हातात घेऊनच वाचत. मंडळानं दोन वर्षांपासून त्यांना पत्रक पाठवणं बंद केलं होतं. टपालात काहीतरी घोटाळा आहे, अशी त्यांची समजूत होती.

तेव्हा कोर्टाची ऑर्डर घरात आली, त्या दिवशी त्यांच्या भुकेला काही सुमार राहिला नसता, तर नवल नव्हतं. घरमालकाला पुतण्यासाठी फ्लॅट रिकामा करून हवा होता, आणि त्याविरुद्ध विजयकुमारांनी तक्रार केली होती. कोर्टानं सांगितलं, नाही, पाटणकर कुटुंब आहे तिथंच राहील. सुचित्राबाईंनी शिरा केला. विजयकुमारांनी ऑर्डरचं इंग्रजी भाषांतर पुढ्यात ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"अहो, जिंकलोय ना आपण?" सुचित्राबाई म्हणाल्या.

"जिंकलोय. पण कसे जिंकलोय, ते बघायला नको?"

पहिल्या पानावर तक्रारीची तारीख एक महिना पुढची होती. तांबडं वर्तुळ. दुसऱ्या पानावर फ्लॅट नंबर सातशे चार सातव्या मजल्याऐवजी सहाव्यावर होता. दुसरं वर्तुळ, आणि विजयकुमारांनी शिरा आणखी वाढून घेतला. तिसऱ्या पानावर 'सदर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या व्यक्ती' अशी यादी होती. एक, विजयकुमार. दोन, पत्नी सुचित्रा. तीन, मुलगी ईश्वरी. चार, निनाद.

पेन हवेतच राहिलं. सुचित्राबाईंनी वाकून पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. बाहेर भर दुपार होती. सिमेंटच्या धुरळ्यानं आकाश पांढरं पडलं होतं.

निनाद हा विजयकुमारांचा सख्खा धाकटा भाऊ. राहणार कराड. त्यानं या देशात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, आणि नऊ वर्षांत दोघांचं एका शब्दाचंही बोलणं नव्हतं. आता खटला घराचा, प्रतिवादी रास अल खैमाचा, न्यायाधीश इथले. त्यांना कराडचा निनाद कुठून माहीत?

"बाबा, इट्स जस्ट अ टायपो," ईश्वरी म्हणाली. ती अल ऐनला युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि शनिवार-रविवार घरी येत असे. या मुलीचा जन्म इथला. तिच्या मते जगातल्या सगळ्या संकटांवर रिफ्रेश हे बटण होतं.

"टायपोनं अक्षर बदलतं गं," विजयकुमार म्हणाले. "टायपोनं काका येत नाही."

सुचित्राबाई मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. पितृपंधरवडा सुरू होऊन दोन दिवस झाले होते.

"नऊ वर्षांत काही कळलं नाही आपल्याला त्यांचं," त्या हळूच म्हणाल्या. "काही झालं तर नसेल ना? सर्वपित्रीला मामंजींचं पान वाढतेच मी. भावजींचं... वाढायचं की नाही, तेवढं सांगा मला."

विजयकुमारांनी पेनाला टोपण लावलं. फोन उचलून विचारायला एक मिनिट लागलं असतं. पण त्या एका मिनिटासाठी जो धीर लागतो, तो नऊ वर्षांत त्यांना गोळा करता आला नव्हता, हे इथं स्पष्टच सांगायला हवं.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच निनादला सांगितलं होतं, ये. शब्द टाकलाय, कंपनीत जागा आहे, मधली खोली तुझी. मधल्या खोलीत घडीची कॉटही आणून ठेवली. निनादनं साखर कारखान्यातली नोकरी सोडली, लोकांनी निरोपसमारंभ केला, हार घातले. मग व्हिसा लांबला. "होईल, इन्शाल्ला," असं विजयकुमार एक महिना म्हणाले, दोन महिने म्हणाले. तिसऱ्या महिन्यात जागाच रद्द झाली, आणि ते सांगायची लाज वाटून त्यांनी फोन घेणं बंद केलं. निनादचा शेवटचा मेसेज एका ओळीचा होता. "दादा, तुझ्या इन्शाल्लावर मी नोकरी सोडली." या ओळीत तांबडी फुली मारण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी ती पुष्कळदा वाचून पाहिली होती.

आणि आता तो चौथ्या नंबरावर राहायला आला होता.

पहिल्या दोन दिवसांत त्याचं बस्तान बसलं. ऑर्डरची प्रत इमारतीच्या ऑफिसात गेली, तिथून चार प्रवेशकार्डं वर आली. चौथ्यावर छापील नाव होतं. मग इमारतीच्या ॲपवर संदेश आला, 'प्रिय निनाद, आपल्या नव्या घरी स्वागत आहे', आणि त्याखाली जिमची वेळ. समोरच्या शहनाझभाभींनी बिर्याणी पाठवली, ती चार डब्यांत. "सुना है देवर आए हैं," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "इतने शरीफ हैं, आवाज़ तक नहीं आती."

सुचित्राबाईंनी चौथा डबा परत करावा की ठेवावा, हे न कळून फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तो रिकामा होता. ईश्वरीनं अल ऐनहून फोनवर कबूल केलं की निघण्यापूर्वी तो तिनं खाल्ला, पण ती कबुली यायला संध्याकाळ झाली, आणि तोवर विजयकुमार दोनदा फ्रीज उघडून बघून आले होते.

खरा धक्का वॉचमननं दिला. लिफ्टपाशी सलाम ठोकून तो म्हणाला, "साब, आपके भाई को देखा कल दोपहर में. ऊपर जा रहे थे. सेम आपके जैसे. बस, चश्मा काले धागे से गले में लटकाया था."

निनादला चष्मा नव्हता. काळ्या दोऱ्याला बांधून चष्मा गळ्यात घालायचे ते वडील. आणि वडलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्यानंतर विजयकुमार सात मजले जिन्यानं चढू लागले. सुचित्राबाईंना सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय. मधल्या खोलीचं दार एसी लागला की आपसूक उघडे, ते पूर्वीही उघडत असे. पण आता उघडलं की दोघंही जेवताना तिकडे बघत, आणि घडीच्या कॉटवर वाळत घातलेले टॉवेल दिसले की पुन्हा जेवू लागत.

इथवर सगळं नुसतं भीतीपुरतं होतं. सरकारी काम पुढे अडलं. ईश्वरीचा व्हिसा महिन्याच्या तीस तारखेला संपत होता. नूतनीकरणाला घराचा करार लागतो, आणि करारात कोर्टाच्या ऑर्डरप्रमाणे आता चौघं राहत होते. विजयकुमारांनी अर्ज भरला, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर तांबडी चौकट आली. 'चौथ्या व्यक्तीचा ओळखपत्र क्रमांक टाका.' त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला. आयुष्यभर दुसऱ्यांना तांबडं दाखवलेल्या माणसाला मशीननं तीन वेळा तांबडं दाखवलं, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

"आय हॅव एक्झाम्स, बाबा," ईश्वरी म्हणाली. तिच्या आवाजातलं रिफ्रेशचं बटण आता बंद पडलं होतं.

वरच्या मजल्यावरचे संजय हे अशा प्रसंगी न बोलावता येणारे गृहस्थ. ते स्वतः कधी कोर्टात गेले नव्हते, त्यामुळे त्यांचा सल्ला अगदी निर्मळ असे. "विजयराव, सोप्पं आहे. दुरुस्तीचा अर्ज टाका. फी शंभर दिरहम, म्हणजे चोवीसशे रुपये झाले बघा. नाहीतर असं करा, तो माणूस वारला म्हणून लिहून द्या. खलास. मेलेल्याचा आयडी कोण मागतो?"

सुचित्राबाई चहा न देताच आत निघून गेल्या. संजय गेल्यावरही ते वाक्य हॉलमध्येच राहिलं.

शेवटी विजयकुमारांनी अर्ज केला, तिन्ही चुका दाखवणारा, प्रत्येकीखाली तांबडी रेघ. कोर्टाच्या खिडकीवर फहद नावाचा तरुण कारकून होता, पांढऱ्याशुभ्र पायघोळ अरबी कंदुऱ्यातला, फार अदबीचा. त्यानं कागद पाहिले.

"तारीख, हमारा गलती. माफी," तो म्हणाला आणि ती तिथंच सुधारली. "सातवां माला, ये भी हमारा गलती. माफी." विजयकुमारांना बऱ्याच दिवसांनी थोडी भूक लागली. "मगर ये चौथा आदमी, हबीबी, ये हमारा गलती नहीं."

त्यानं स्क्रीन वळवली. त्यावर मूळ तक्रारअर्ज होता. राहणाऱ्या व्यक्ती, चार. खाली सही. ती सही विजयकुमारांची होती.

"हे मी लिहिलेलं नाही," विजयकुमार मराठीतच म्हणाले. कधी कधी माणूस भलत्या माणसाशी खऱ्या भाषेत बोलतो. मग सावरून त्यांनी हिंदीत सांगितलं की हे अर्ज अरबीत टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याचं काम आहे, आणि आपण त्याला बघून घेऊ.

टायपिंग सेंटरचा अक्रम हा शांत माणूस. दिवसाला शंभर लोकांची आयुष्यं अरबीत टाइप करून त्याला कशाचं आश्चर्य उरलं नव्हतं. त्यानं आरडाओरडा पुरता ऐकून घेतला, मग ड्रॉवरमधून एक निळी फाइल काढून पुढे ठेवली.

"सर, ये आपकी मास्टर फाइल. आप बोले, सब इसमें है, जैसा है वैसा डालो, अपना दिमाग मत लगाना."

ही मास्टर फाइल विजयकुमारांचा मोठा अभिमान. प्रत्येक अर्जाला नव्यानं माहिती लिहिली की चुका होतात, म्हणून त्यांनी नऊ वर्षांपूर्वी, हा फ्लॅट भाड्यानं घेतला तेव्हा, सगळी माहिती एकदाच सुवाच्य अक्षरात लिहून काढली होती. तेव्हापासून प्रत्येक कामाला तीच फाइल जाई. एरवी कुणी मागत नसे, ते पान या खटल्यात पहिल्यांदाच लागलं. अक्रमनं ते उघडलं. राहणाऱ्या व्यक्ती. चौथ्या ओळीत, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात निनादचं नाव, कराडचा पत्ता, मोबाइल, ईमेल, पासपोर्टचा नंबर. समासात लिहिलं होतं, 'मधली खोली'.

विजयकुमार खुर्चीवर बसले. अक्रमनं न विचारता पाणी दिलं. चोवीस वर्षांत लाखो फरशा तपासलेल्या माणसानं स्वतःची फाइल नऊ वर्षांत एकदाही तपासली नव्हती.

पुन्हा फहदच्या खिडकीशी जाताना त्यांची मान खाली होती. फहदनं ते पाहिलं आणि जास्तच अदबीनं बोलला. अर्जात नाव होतं, म्हणून ऑर्डरमध्ये आलं. आता ते काढायचं तर न्यायाधीशसाहेब ठरवतील, गुरुवारच्या तारखेला, ऑनलाइन. आणि ज्याचं नाव काढायचं, त्याला नोटीस जाते. कायदा आहे. पत्ता अर्जात आहेच.

"पण तो इथं राहत नाही!"

"तो वो आके बोलेगा, मैं इधर नहीं रहता," फहद म्हणाला. "इन्शाल्ला."

नोटीस त्याच क्षणी गेली. फहदनं बटण दाबलं आणि कराडच्या त्या ईमेलवर, नऊ वर्षं विजयकुमारांना जे जमलं नव्हतं, ते एका सेकंदात पोचलं.

पुढचे दिवस कसे गेले, ते विचारू नका. कोर्टाच्या पोर्टलवर एक रकाना होता. 'चौथा पक्ष: नोटीस पाहिलेली नाही.' विजयकुमार तो कामावर बघत, जेवताना बघत. पट्ट्यावरून तडा गेलेल्या अकरा फरशा सहीसलामत निघून गेल्या आणि सुपरवायझरनं त्यांना बरं नाही का, म्हणून विचारलं.

सोमवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी रकाना बदलला. 'चौथा पक्ष: नोटीस पाहिली.'

त्यांनी घरी फोन केला. "सुचित्रा, नोटीस उघडली त्यानं. म्हणजे पान वाढायला नको."

"अहो," सुचित्राबाई म्हणाल्या, "त्यांनीच उघडली, हे कशावरून? फोन काय, माणसामागेही राहतोच ना घरात."

विजयकुमारांनी रकाना पुन्हा पाहिला. पाहिली, एवढंच होतं. कुणी पाहिली, ते लिहिलं नव्हतं. एक फोन करून विचारता आलं असतं. नंबर फायलीत होता, मोबाइलमध्येही होता. त्यांनी तो दोनदा काढला आणि दोनदा खिशात ठेवला. उचलणारा आवाज अनोळखी असला तर काय करायचं, हे त्यांना ठरवता येईना.

गुरुवारी ते रजा घेऊन घरी बसले. रविवारी सर्वपित्री. सुचित्राबाईंनी केळीची पानं आणून ठेवली होती, किती, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि यांनी मोजलं नव्हतं. ईश्वरी अल ऐनहून मुद्दाम आली. विजयकुमार इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसले, पुढ्यात तीन पानी निवेदन.

स्क्रीनवर चौकटी उघडल्या. एकीत न्यायाधीश, चष्मा नाकावर. दुसरीत फहद. तिसरीत नबिला नावाच्या दुभाषी बाई. चौथीत विजयकुमार स्वतः, थोडे घाबरलेले. मग कसलाही आवाज न होता पाचवी चौकट उघडली. काळी. खाली नाव, निनाद.

मधल्या खोलीचं दार सावकाश उघडलं, कारण एसी लागला होता, आणि ईश्वरीनं आईचा हात धरला.

काळ्या चौकटीत आधी छताचा पंखा दिसला. मग कपाळ, मग पांढरे केस, आणि मग वडील दिसले. विजयकुमारांच्या तोंडून अस्पष्ट "अण्णा" निघालं. तेच गाल, तीच हनुवटी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला लटकवलेला चष्मा. चौकटीतल्या माणसानं तो चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला, आणि मग तो निनाद झाला. म्हातारा झालेला, पण निनाद.

सुचित्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वॉचमननं नेमकं कुणाला पाहिलं, याचा उलगडा मात्र पुढेही कधी झाला नाही. त्या दिवशी ते विचारायचा धीरही कुणाला नव्हता.

नबिलाबाईंनी हिंदीत विचारलं, "आप इस फ्लॅट में रहते हैं?"

"नहीं मॅडम. मैं कराड में हूँ."

"आपका नाम निकाला जाए, तो आपको कोई ऐतराज़?"

निनादनं कॅमेऱ्यात पाहिलं. "मॅडम, साहब को बोलिए, इस आदमी ने मुझे एक बार आने से पहले निकाला था. अब आया हूँ, तो फिर निकाल रहा है."

नबिलाबाई थबकल्या. मग त्या अरबीत बोलू लागल्या, आणि मूळ वाक्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बोलल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढून हातात घेतला आणि विजयकुमारांच्या चौकटीकडे पाहिलं.

"पर नोटीस में लिखा है, बच्ची का व्हिसा रुका है," निनाद पुढे म्हणाला. "तो निकालिए. मेरी तरफ से कोई ऐतराज़ नहीं." आणि मग मराठीत, इकडेतिकडे शोधत, "ईश्वरी कुठाय? दिसत नाही."

ईश्वरी बाबांच्या खांद्यामागून पुढे वाकली. "काका, मी... मी इथे आहे," ती म्हणाली. मराठीत म्हणाली, हे घरातल्या दोघांनीही नोंदवून ठेवलं.

न्यायाधीशांनी विजयकुमारांना विचारलं, तुमचं म्हणणं काय. विजयकुमारांनी निवेदनाची तीन पानं पाहिली. पहिल्याच ओळीत टायपिस्टचा निष्काळजीपणा होता. त्यांनी ती पालथी घातली.

"साहेबांना सांगा," ते म्हणाले, "टायपिस्टची चूक नाही. कोर्टाची नाही. चूक माझी आहे. नऊ वर्षांपूर्वीची आहे. ती आता काढा."

नबिलाबाईंनी हे अरबीत फार थोडक्यात सांगितलं. पाचव्या चौकटीत निनादनं चष्मा डोळ्यांवरून काढला आणि दोऱ्यावर लोंबू दिला. मग चौकटी एकेक करून मिटल्या. त्याची शेवटी मिटली.

सुधारलेली ऑर्डर वीस मिनिटांत आली. विजयकुमारांनी तांबडं पेन घेतलं आणि पहिल्यापासून वाचली. तारीख बरोबर. सातवा मजला, बरोबर. राहणाऱ्या व्यक्ती, तीन. पेन टेकवायला जागा नव्हती. सुचित्राबाईंनी ताट वाढलं, पण त्यांना भूक नव्हती.

त्यांनी मोबाइल काढला. या वेळी तो खिशात परत गेला नाही. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"आली ऑर्डर?" निनाद म्हणाला. नऊ वर्षांनंतर भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"आली. तपासली. एक चूक राहिलीये."

"आता आणि काय?"

"एक माणूस कमी लिहिलाय."

"मग रीतसर अर्ज कर."

"करतो. इन्श..." शब्द अर्धा बाहेर आला होता. विजयकुमारांनी दातांखाली जीभ धरली. "चौदा तारीख. तिकीट काढतोय. आत्ता, तू फोनवर असतानाच. ठेवू नकोस. पासपोर्टचा नंबर सांग."

"तुझ्या फायलीत असेल की."

"तो कधीच संपला असणार. त्याला काय अर्थ आहे?"

"संपलाच होता," निनाद म्हणाला. "लिहून घे, नवा सांगतो. काल आलाय टपालानं."

विजयकुमारांचं तांबडं पेन ऑर्डरच्या कोऱ्या पाठीवर टेकलं आणि तसंच राहिलं.

"काल? अर्ज कधी केलास?"

"सोमवारी. नोटीस वाचली आणि उठून गेलो. तत्काळमध्ये."